थोरल्या पिपातलं तेल

मुडबी, २० एप्रिल १९७५

चि. नागनाथ यास शोभाअक्काचा जयभीम.

तुला आळंदच्या नगरपालिकेत आरोग्य निरीक्षकाची जागा मिळाली, ही खबर तुझ्या पत्राआधीच आमाला लागली. तुझे दाजी ज्यांच्या तेलाच्या घान्यावर हैत, त्या तात्यारावांचं आळंदच्या बाजारात दुकान हाय. तिथल्या मानसानं सांगितलं की नवा साहेब मुडबीच्या किशनरावाचा मेव्हना हाय. हे घरी आले ते हसतच आले. आपले अप्पा आसते तर वस्तीभर सांगत फिरले आसते.

जयंती चांगली झाली. सुमननं भाषन केलं. ती आता सातवीत हाय.

औंदा उन्हाळ्यात बायांना काम लागलंय. रानात पिवळा धोत्रा माजलाय बग, काट्याचा. त्याची वाळली बोंडं जुन्या लुगड्याच्या धडप्यावर झाडायची. बी मव्हरीवानी बारीक काळं निघतंय. तात्यारावांचा मुकादम मापानं घेतोय. साबनाच्या कारखान्याला जातंय म्हनं. मी आन शेजारची गुरुबाई, दोघी बरोबरच जातो. ती सातव्या म्हैन्यातच बाळंत झाली आन लेकरू गेलं, तवापासनं ती बोलत नव्हती. रानात आली की बोलतीय. बोटं काट्यानं फाटल्यात, पन तिचं हसू ऐकून बरं वाटतंय.

जेवन येळेवर कर. हाटेलातलं किती दिवस खानार हैस?

तुझी अक्का

*

आळंद, ५ मे १९७५

प्रिय अक्का,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र पोचलं. सुमनला माझ्याकडून शाबासकी सांग.

इथे काम खूप आहे. हॉटेलं, मिठाईची दुकानं, खाटीकखाना, दूधवाले, सगळं माझ्याच अंगावर. शंका आली तर माल विकत घ्यायचा, तीन बाटल्यांत सारखा भरायचा, लाखेने बंद करायचा. एक बाटली सरकारी तपासनिसाकडे जाते, दोन जपून ठेवायच्या. हे सगळं दोन पंचांसमोर करायचं असतं आणि पंच मिळत नाहीत. परवा एका हॉटेलात नासलेला खवा सापडला. सही करा म्हटल्यावर दहा माणसं होती ती दोन राहिली, आणि त्यातला एक मालकाचा भाऊ होता.

पहिल्या दिवशी मी एका हॉटेलात शिरलो तेव्हा मालकाने स्वतः खुर्ची पुसून दिली. याच हॉटेलाबाहेर अप्पांना उभ्याने चहा मिळायचा, वरून ओतलेला. कपबशा कशा धुता ते दाखवा, एवढंच म्हणालो. कुणाला वाटू नये की मी जुना हिशेब काढतोय, म्हणून मी जरा जास्तच नेमाने वागतो.

काट्याचं काम जपून कर. बोटांना फडकं बांधत जा. दाजींना नमस्कार.

तुझा नागू

*

मुडबी, ४ ऑगस्ट १९७५

चि. नागू,

जयभीम. वस्तीत एक दुखनं आलंय म्हनून लिवायलेय. पंधरा दिवस झाले, मानसांचे पाय सुजायलेत. बोट दाबलं की खड्डा पडतोय आन लवकर भरत न्हाई. चार पावलं चाललं की धाप लागतीय. वस्तीतली सात आन गावातली बी पाचसहा घरं. गुरुबाईला लई जोराचं झालंय. तिचा नवरा अंकुशदादा तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेलता. डाक्टर म्हनले, अंगात रक्त न्हाई. कोन म्हनतंय आडाचं पानी बाधलं. आडात औषध टाकलं, तरी सूज उतरंना.

आपल्या घरी सगळे बरे हैत. तू ह्यातलं शिकलास म्हनून इच्यारते, काय आसंल?

अक्का

*

आळंद, ८ ऑगस्ट १९७५

प्रिय अक्का,

हे पत्र पोचताच आधी हे कर. ज्या ज्या घरात सूज आहे, त्या घरांना सांग की तेल एक थेंबही खाऊ नका. कोरडी भाकरी, आमटी, ताक चालेल. आजपासून. माझं नाव सांग.

तुझं पत्र मी दुपारी वाचलं आणि एप्रिलचं पत्र पेटीतून काढलं. अक्का, पिवळ्या धोत्र्याचं ते बी साबणाला जात नव्हतं, खायच्या तेलात मिसळत होते. त्याचं तेल पोटात गेलं की असेच पाय सुजतात, हृदय थकतं, माणूस जातो. मला हे ठाऊक होतं. ट्रेनिंगमध्ये ते बी काचेच्या बाटलीत दाखवलं होतं, वर इंग्रजी नाव होतं. मी ते नाव पाठ केलं, परीक्षेत लिहिलं. तू आपल्या भाषेत तेच लिहून पाठवलंस, तर मी तुला बोटांना फडकं बांधायला सांगितलं. एप्रिलपासून हे माझ्या पेटीत पडून होतं.

दोन लहान बाटल्या धुऊन, वाळवून घे. एकीत गुरुबाईच्या घरचं तेल भर, दुसरीत आपल्या घरचं. चिठ्ठ्या चिकटव आणि आळंदच्या गाडीचे कंडक्टर गुरप्पा यांच्या हाती दे. ते मला ओळखतात.

एक विचारतो, रागावू नकोस. सगळी वस्ती तात्यारावांचंच तेल खाते ना? मग आपल्या घरी कुणालाच काही कसं नाही?

नागू

*

मुडबी, १३ ऑगस्ट १९७५

चि. नागू,

गुरुबाई काल सकाळी गेली. तुझं पत्र परवाच आलं, मी लगेच घरोघर सांगून आले. तिच्या घरी गेले तवा तिला आडवं होता येत न्हवतं, भिंतीला टेकून बसलीती. मी म्हनलं, तेल खाऊ नगंस. ती म्हनली, आता काय बी जात न्हाई गं घशाखाली. माझा हात धरला आन म्हनली, आपन लई बी झाडलं न्हाई का औंदा.

गावातले शंकरअप्पा बी गेले. दोघं तिघं अजून तसेच हैत.

गुरुबाईच्या घरची बाटली गुरप्पाकडं दिलीय. आपल्या घरचं तेल संपलंय, म्हनून दुसरी दिली न्हाई. तू जास्त इच्यारत जाऊ नगंस. ह्यांचा जीव लई तापलाय सध्या. घान्यावर काम करनाऱ्याला मालकाचं सगळं थोडंच म्हाईत आसतंय.

अक्का

*

आळंद, १७ ऑगस्ट १९७५

प्रिय अक्का,

गुरुबाईची बातमी वाचली. लगेच उठलो.

इथल्या सोनाराकडून थोडं तेजाब मागून आणलं आणि बाटलीतल्या तेलात टाकलं. तेल विटेसारखं तांबडं झालं, म्हणजे धोत्र्याचं तेल त्यात आहेच. तसाच तात्यारावांच्या दुकानावर गेलो. ते स्वतः होते. म्हणाले, ‘‘इन्स्पेक्टरसाहेब, तुमच्या दाजींची भाकरी आमच्याकडं शिजते. घरच्या माणसावर कोण धाड घालतं का?’’ मी म्हटलं, ‘‘मला तेल विकत द्या.’’ त्यांनी माप हातात घेतलं नाही. शेवटी मीच पिपाची तोटी उघडली. बाजार भरलेला होता. बाहेर बांगड्या विकणारे शिवय्या आणि नगरपालिकेचा शिपाई, या दोघांनी सह्या केल्या. तीन बाटल्या बंद केल्या, दुकानातली पिपं सील केली.

घाणा मुडबीत, म्हणजे बिदर जिल्ह्यात. तिथे माझा अधिकार चालत नाही. मी बिदरच्या आरोग्याधिकाऱ्यांना तार केली आहे, ते येतील. त्यांना मी दोन गोष्टी सांगणार आहे. एक, घाण्यावरचा किशनराव माझा दाजी आहे. दुसरी, बी कुणी गोळा केलं आणि कुणी विकत घेतलं याचं एप्रिलचं पत्र माझ्याकडे आहे. ते पत्र तुझं आहे. तू हो म्हणालीस तरच देईन.

आणि अक्का, तू दुसरी बाटली पाठवली नाहीस. घाण्यावर राबणाऱ्याच्या घरात तेल संपतं?

नागू

*

मुडबी, २१ ऑगस्ट १९७५

चि. नागू,

तेल संपलं न्हवतं. शिंक्यावर गाडगं भरून होतं. मी खोटं लिवलं.

तुझं पत्र आलं तवा हे जेवायला बसले होते. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीपतोर. ह्यांचा घास तसाच हातात ऱ्हायला. मी इच्यारलं, ‘‘घान्यावर दोन पिपं हैत. आपल्या घरचं तेल कुठल्या पिपातलं?’’

त्यांनी घास ताटात ठिवला. मग म्हनले, ‘‘धाकट्या.’’

‘‘आन वस्तीचं?’’

‘‘थोरल्या.’’

मी म्हनलं, ‘‘म्हंजी तुमाला ठावं होतं.’’

हे म्हनले, ‘‘मालक म्हनला, करडई म्हाग झालीया, थोडं मिसळल्यानं कोन मरत न्हाई. मला बी वाटलं, न्हाई मरत. पन आपल्या घरी नको म्हनून धाकट्या पिपातलं आनायलो.’’

‘‘कुनीच मरत न्हाई, तर घरी नको आसं कामून वाटलं?’’

मी जेवन उचललं न्हाई, त्यांनी बी हात धुतले न्हाईत. सुमन दारात हुबी ऱ्हाऊन सगळं ऐकायलीती.

मी त्यांना नीट बगितलं. हा मानूस वाईट न्हाई. वस्तीत कुनाचं मयत झालं तर पैला खांदा ह्यांचा आसतोय. गुरुबाईच्या मयतीला बी ह्यांनीच लाकडं फोडली. ते आठवलं आन मला ह्यांच्याकडं बगवंना. मी म्हनलं, मी सुमनला घेऊन भालकीला मोठ्या ननंदेकडं जाते, तुमी इथं ऱ्हावा. लुगडं गुंडाळायला लागले. तवा हे म्हनले, ‘‘थांब. साहेब आले तर मी सांगतो. दोनी पिपं दाखवतो. बी कुठल्या कोठीत ठिवलंय ते बी दाखवतो.’’

मी म्हनलं, ‘‘साहेबाला मागनं सांगा. आधी शेजारी चला.’’

अंकुशदादा दारात बसला होता. हे त्याच्यापुढं हुबे ऱ्हायले आन सगळं सांगितलं. दोनी पिपं, मालक काय म्हनला, आपल्या घरी काय आनलं, सगळं. मला वाटलं दादा मारंल. त्यानं मारलं आसतं तर बरं झालं आसतं. तो उठला, आत गेला आन दार लावून घेतलं.

काल बिदरचे साहेब आले. ह्यांनी सगळं दाखवलं, सही दिली. थोरल्या पिपातलं तेल नाल्याकडंला खड्डा खनून ओतलं, त्यात माती कालवली. तात्यारावांचा मुकादम ह्यांना म्हनला, तू बी आत जानार हैस, येडा झालास का. हे म्हनले, व्हय.

माझं पत्र दे साहेबाला. माझ्या अक्षरात हाय, मी न्हाई म्हननार न्हाई. बी मी झाडलंय, ते बी सांग.

तुझी अक्का

*

चिंचोळी, २ फेब्रुवारी १९७९

प्रिय अक्का,

बदली झाल्यापासून मी इकडेच. निकाल मला कचेरीतून कळला. साडेतीन वर्षं लागली.

शिवय्या कोर्टात फिरले. कोऱ्या कागदावर सही घेतली म्हणाले. त्यांचं दुकान तात्यारावांच्या जागेत आहे, मी त्यांना दोष देत नाही. मालकाच्या वकिलाने मला दोन तास उभं केलं. म्हणाला, हा निरीक्षक अमक्या वस्तीतला, गावावरचा राग काढतोय. मी म्हटलं, मेलेल्या चौघांतले तिघं त्याच वस्तीतले होते. मग दाजी पिंजऱ्यात गेले. ‘‘मिसळलं कुणी?’’ असं विचारल्यावर म्हणाले, ‘‘मी. मालकानं सांगितलं आन मी मिसळलं.’’ केस उभी राहिली ती तेवढ्या एका वाक्यावर.

मालकाला दीड वर्ष, दाजींना सहा महिने. मालकाने अपील केलं आणि त्याच दिवशी जामिनावर घरी गेला. दाजींनीही अपील करावं. मी गुलबर्ग्याच्या वकिलांशी बोललो आहे. खरं बोलणाराच तेवढा आत जावा, हे मला सहन होत नाही. या खात्यात मी कशासाठी राहतोय, असं वाटायला लागलं आहे.

नागू

*

मुडबी, १५ मार्च १९८१

चि. नागू,

जयभीम. सुमनचं लगीन ठरलं. पोरगा भालकीच्या साखर कारखान्यात हाय, शिकलेला हाय. दहा मेला आपल्या दारातच लावायचं.

तवा तू लिवलंतास अपील करा म्हनून. हे न्हाई म्हनले ते न्हाईच. म्हनले, चार मानसं परत येनार हैत का? सहा म्हैने भोगून आले. आता दुसऱ्याच्या रानात कामाला जायलेत. मालकाचं अपील अजून चालूच हाय. आता घाना त्याचा भाऊ चालवतोय.

एक तुला कदी लिवलं न्हाई. सहा वर्सं झाली, आपल्या घरात वस्तीतल्या कुनी पान्याचा घोट घेतला न्हाई. बोलत्यात, कामाला हाक मारत्यात, सुमनचं कौतुक करत्यात. पन च्या ठिवला की आत्ताच पिऊन आलो म्हनत्यात. आदी दुसऱ्यांच्या दारात आपल्याला आसं होतं. आता आपल्याच मानसांनी केलंय आन त्यांचं खरं हाय.

लगनात पंगत कशी उठंल ह्याची मला धास्ती हाय. तू आदल्या दिशीच ये. तू तेलाचा डबा सगळ्यांम्होरं उघड, तपास, आन मग चूल पेटव. तुझ्यावर इस्वास हाय लोकांचा.

अक्का

*

चिंचोळी, ३ मे १९८१

प्रिय अक्का,

मी येऊ शकत नाही. तालुक्यात पटकीची साथ आली आहे. तीन गावांत विहिरी बंद केल्या, रजा सगळ्यांच्याच रद्द झाल्या. तू मला एकच गोष्ट मागितलीस आणि तीही मला देता येत नाही.

माझं ऐकशील तर बसवकल्याणहून आचारी बोलाव. सामान त्यांनीच आणावं, त्यांनीच शिजवावं. म्हणजे लोक निर्धास्त जेवतील. सुमनला माझे आशीर्वाद.

नागू

*

मुडबी, १४ मे १९८१

चि. नागू,

लगीन झालं. त्रिशरण पंचशील झालं, हार घातले. सुमन भालकीला गेली. घर मोकळं वाटायलंय.

मी आचारी बोलावले न्हाईत. ह्यांना इच्यारलं तर म्हनले, भाईरच्या मानसानं शिजवलं तर लोक त्याचं जेवतील, आपलं न्हाई. तेल मी बसवकल्याणच्या बाजारातनं सीलबंद डब्यातलं आनलं. डबा मांडवात ठिवला आन हे लोकांम्होरं हात जोडून हुबे ऱ्हायले. म्हनले, ‘‘सैपाक माझ्या घरचा हाय. तेल आमी आनलंय. कुनाला जेवायचं नसंल तर माझा राग न्हाई. पोरीला आशीर्वाद देऊन जावा.’’

पत्रावळ्या मांडल्या. पावने बसले, त्यांना काय ठावं. आपली वस्ती मात्र कडंला हुबी. कुनी इड्याचं पान तोंडात टाकायलंय, कुनी पोराच्या टोपीची गाठ सोडायलंय. भात निवायला लागला. मला वाटलं, जमीन फाटंल तर बरं.

तवा गुरुबाईचा अंकुशदादा आला. सहा वर्सांत त्यानं आपल्या अंगनात पाय टाकला न्हवता. लगनाला बी येनार न्हाई आसंच मी धरलंतं. आला आन पंगतीच्या शेवटी मांडी घालून बसला. ह्यांच्याकडं बगून म्हनला, ‘‘बाजूला आनखी एक पान मांड.’’

ह्यांनी मांडलं.

‘‘वाढ. दोनी पानांवर.’’

हे वाढायले. दादानं भाजीकडं बगितलं, तेलाच्या तवंगाकडं बगितलं. सगळी वस्ती बगायलीती. मग त्यानं भाकरी मोडली आन जेवला. घाई केली न्हाई. सगळं खाऊन झाल्यावर बोट दाखवून ह्यांना म्हनला, ‘‘हे तिचं पान हाय. टाकू नगंस. बस आन तू खा.’’

हे खाली बसले. मान वर केली न्हाई. भात, भाजी, बुंदी, सगळं खाल्लं. दादा तवर तिथंच बसून ऱ्हायला, पान रिकामं होईपतोर.

मग तो उठला, हात धुतले आन गेला. त्यो गेल्यावर वस्ती पंगतीला बसली. दोन पंगती उठल्या. भात कमी पडला, परत टाकावा लागला.

पटकीची साथ हाटली का ते कळव. पानी उकळून पी.

तुझी अक्का
शोभाबाई